टामाच्या गाठी मी लपवल्या

"स्टेज फोर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोगाचं नाव नॉन-हॉजकिन लिम्फोमा. म्हणजे मानेत, काखेत, जांघेत ज्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा कॅन्सर. स्टेज फोर म्हणजे तो हाडांपर्यंत सगळीकडे पोचलेला.

मग त्यांनी टामाला विचारलं, "गाठी केव्हापासून आहेत?"

"दोन आठवडे," टामा म्हणाला. त्याची बायको मेरे त्याच्या शेजारी होती. मी मागच्या खुर्चीत. खरं तर आठ महिने झाले होते. मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

मी चौथी शिकलेला, फौजेतला रिटायर हवालदार. बायको गेल्यावर लेकीनं मला इकडं न्यूझीलंडला, पोरिरुआ गावात आणलं. कुंपणापलीकडे टामा. माओरी माणूस, म्हणजे इथला मूळ रहिवासी, व्हिएतनामची लढाई केलेला. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण शिपायाला शिपाई कळतो. तो मला सार्ज म्हणायचा, म्हणजे सार्जंट. मेरेला मी वहिनी म्हणायचो, आणि अर्थ समजल्यापासून ती ओ द्यायची.

व्हिएतनाममध्ये विमानातून झाडांची पानं झडवायचं औषध फवारत; त्यानं कॅन्सर होतो हे पुढं कळलं. त्याच्या रिकाम्या पिंपांना भोकं पाडून टामाच्या तुकडीतली पोरं खाली अंघोळ करायची. टामा हसत सांगायचा. परत आल्यावर वर्षानुवर्षं वरचे म्हणत राहिले, तुमच्या अंगावर काही पडलंच नाही. फार उशिरा सरकारनं माफी मागितली. टामा त्या कार्यक्रमाला गेला नाही. "माफी कसली? मी धडधाकट आहे," म्हणाला. मला वाटलं, याला म्हणतात मर्द.

इथं जूनमध्ये थंडी असते. तशा एका दिवशी त्यानं शेडमध्ये मफलर काढून मान दाखवली. सुपारीएवढ्या तीन गाठी. "मेरेला सांगू नकोस, सार्ज."

मी म्हणालो, "आमच्या पलटणीत आजारी म्हणून सिक रिपोर्ट करणाऱ्याला पोरं हसायची." आणि हळदीचा लेप करून दिला.

"मला करी करून टाकशील लेका," टामा म्हणाला. आम्ही दोघं हसलो. कुणी मरायला टेकलं की असलं हसणं आठवतं.

डॉक्टरीणबाई नागपूरच्या. स्टेज फोर सांगितलं त्या दिवशी बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला मराठीत विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणालो. पोटच्या पोरीएवढ्या बाईशी खोटं बोललो. मग विचारलं, "तो लवकर आला असता तर?"

"लवकर सापडला तर पुष्कळ जणांना औषधं लागू पडतात, काका. त्यात व्हिएतनामला गेलेल्या माणसानं असल्या गाठी एक दिवससुद्धा अंगावर काढू नयेत."

केमो सुरू झाली. केमो म्हणजे शिरेतून जालीम औषध. पहिल्या खेपेला तो उलट्यांनी बेजार. दुसऱ्या खेपेनंतर ताप. तिसरी झालीच नाही. "आता पॅलिएटिव्ह केअर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे रोगाशी झगडणं सोडायचं, फक्त दुखणं कमी करायचं.

टामाचा हात धरून बसलो होतो. तो म्हणाला, "गाठी जुन्या होत्या हे मेरेला कळू द्यायचं नाही, सार्ज. ऑर्डर आहे."

बाहेर मेरे एकच गोष्ट उगाळत बसलेली. "चोपन्न वर्षं याच्या शेजारी झोपते मी. माझा हात त्या गाठींना कसा नाही लागला? बायको आहे का कोण आहे मी?"

एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं. माझ्यापायी ही बाई मरेपर्यंत स्वतःला शिव्या देणार. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभा राहिलो. "वहिनी, तुमची चूक नाही. जूनपासून मला माहीत होतं. मीच त्याला गप्प बसवलं."

"घरी जा," ती म्हणाली. एवढंच.

मी गेलो. त्यानंतर चौथ्या दिवशी टामा गेला. मी जवळ नव्हतो.

माओरी लोक मयताला एकटं ठेवत नाहीत. मराए म्हणून त्यांचं सभाघर असतं, तिथं उघड्या पेटीजवळ घरची माणसं बसून राहतात. येणारा मेलेल्याशी समोरासमोर बोलतो. रागावतोसुद्धा. लेक म्हणाली, "बाबा, चला." मी मेडल लावून गेलो.

माझी पाळी आली. मराठीतच बोललो. "टामा, तुझी ऑर्डर मी मोडली. जूनमध्येच मोडायला पाहिजे होती. तुझा मान राखतोय असं वाटलं मला, आणि तुलाच घालवून बसलो." मेरे पेटीशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण शेजारची उशी सरकवून जागा केली. तिचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

जेवणानंतर टामाच्या तुकडीतला एक म्हातारा काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसला. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "दोन महिने लघवीतून रक्त जातंय. तू फौजी आहेस म्हणून सांगतो. बायकोला कळता कामा नये."

माझ्यासारखे हट्टी म्हातारे हे वाचत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिलं. तुमचा दोस्त असं काही सांगेल, तेव्हा त्याची लाज राखू नका. माणूस राखा.

"तुझी बायको यांतली कुठली?" मी विचारलं.

"ती हिरव्या स्वेटरवाली. का?"

मी उठलो आणि तिला हाक मारली.