सिस्टरबाईंचं भेव

सिस्टरबाईंइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही, आणि हे मी भित्र्यांमधला जाणकार म्हणून सांगतो. वीज कडाडली की त्या दवाखान्यातलं टेबल घट्ट धरायच्या. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायच्या. पालीला तर हात जोडून बाहेर जायची विनंती करायच्या. फरक एवढाच, की मी माझी भीती विज्ञानाच्या पुस्तकाआड लपवायचो आणि त्या आपली गावभर सांगायच्या. "मले लय भेव लागते," असं म्हणत म्हणतच त्या निघालेल्या असायच्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो. मी चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. जंगल म्हणजे माझ्या लेखी कॉलनीच्या कुंपणापलीकडचा अंधार. शाळेला लागून मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तो सांभाळायला या पन्नाशीच्या ख्रिस्ती नर्स. त्यांना सिस्टर म्हणावं की बाई, हे गावाला ठरवता आलं नाही, म्हणून त्या सिस्टरबाई झाल्या.

कुठेही निघण्याआधी त्या जरा थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि शेजारच्याशी बोलावं तसं देवाशी बोलायच्या. "बापा, मले भेव लागून राह्यलं. तुही माया आहे ना माह्यावर? मंग चल संगं." बस्स, एवढीच प्रार्थना. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "मग भीती जाते का हो?" त्या म्हणाल्या, "हाकलून नाई जात, मास्तर. मायेले घरात जागा द्या, मंग भेवाले जागा पुरत नाई." मी मान डोलावली. माझ्या घरात तेव्हा भीतीच मालकीण होती.

एका पावसाळ्याच्या अखेरीस गावात ताप आला. एक लेकरू दगावलं, आणखी दोघं आजारी पडली. गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. तिनेच काही करणी केली, अशी कुजबुज सुरू झाली आणि एका दुपारी माणसं काठ्या घेऊन तिच्या घराकडे निघाली. सिस्टरबाई शाळेच्या दारात आल्या. "मास्तर, चला."

"माझा तास चालू आहे," मी म्हणालो. वर्गात एकही पोर नव्हतं. सगळी तमाशा बघायला गेली होती.

वाटेत त्यांनी कुंपण धरलं, डोळे मिटले, आपलं ते तीन वाक्यांचं बोलणं केलं. मग गर्दीतून सरळ जाऊन म्हातारीच्या ओसरीवर तिच्या शेजारी बसल्या. "आजी, चहा मांडा," म्हणाल्या. अंतर राखून मागोमाग आलेला मी एका मोहाच्या झाडामागे भक्कम जागा धरून होतो.

काळा चहा आला. सिस्टरबाईंनी तो सगळ्यांदेखत प्याला आणि झाडाकडे पाहून म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी घ्या."

खरं सांगतो, मला त्या क्षणी काठ्यांची जेवढी भीती वाटली, तेवढीच त्या चहाची वाटली. आणि मी मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवायचो. पुढे जाऊन चहा एका दमात ओतला घशात. जीभ भाजली. बाकी काही झालं नाही, याचं मला जरा आश्चर्यच वाटलं.

मेलेल्या लेकराचा बाप पुढे आला. खांद्यावर कुऱ्हाड. "सिस्टरबाई, बाजूले व्हा."

"नाई होत, बाबू," त्या म्हणाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी ओसरीचा खांब घट्ट धरला. "तुह्या कुऱ्हाडीचं मले भेव लागून राह्यलं. पण मी उठत नाई. तुहं लेकरू माह्या हातावर गेलं. मारायचं असन त पयले मले मार."

तो बघत राहिला. मग मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडला. सिस्टरबाई उठल्या त्या तेव्हाच. त्याचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. म्हातारीने त्यालाही चहा आणला. त्याने तो घेतला नाही, पण कुऱ्हाड उचलून घरी गेला. मागोमाग गर्दीही पांगली. आजारी लेकरांना सिस्टरबाईंनी जीपने अहेरीला नेलं. लेकरं वाचली आणि कुजबुजही विरली. गावात माझंही नाव झालं, कारण चहा सगळ्यांनी पाहिला होता, झाडामागचं सिस्टरबाईंशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

पुढे मी बदली मागून चंद्रपूरला आलो. काही वर्षांनी कळलं, सिस्टरबाई तिथल्याच दवाखान्यात आहेत आणि दुखणं बरं होण्यातलं नाही. भेटायला गेलो. अगदी वाळल्या होत्या.

"मले भेव लागून राह्यलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी प्रार्थना करा."

मी हिंदू घरातला, आणि देवाशी माझं बोलणं फक्त परीक्षेपुरतं झालेलं. तरी राष्ट्रगीताला राहतो तसा खाटेशेजारी सावधान उभा राहिलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "देवा, सिस्टरबाईंना भीती वाटते आहे. त्यांच्याजवळ येऊन बस."

डोळे उघडले तर त्या हसत होत्या.

"तो त कवाचाच बसून आहे," त्या म्हणाल्या. "तुमीच उभे आहा. बसा."

मी स्टूल ओढून बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, कारण थरथरत होता तो माझाच.