एकाच विमानाचं लाकूड

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं, हे धाडसच आहे, सांभाळून घ्या. पण एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला पौडच्या एसटीत रोज भेटणारा, पिरंगुटच्या कारखान्यातला तो कामगार मनातून जात नाही. त्याला बॅटरीवर उडणारं, खऱ्याची नक्कल असलेलं भलंमोठं खेळण्यातलं विमान बनवायचं होतं. लाकूड जमलं होतं एकाच विमानापुरतं, आणि कोणतं बनवावं ते ठरत नव्हतं.

पंख दाखवायला तो हात पसरायचा, की शेजारचे वाकून बसायचे.

"लढाऊ कर," कंडक्टर म्हणाला.

"त्याचं पंख आखूड. बॅटरी लई जड, पेलायची न्हाई."

मी भीतभीत डाकोटा हे जुनं, पोटाचं प्रवासी विमान सुचवलं.

"तेच कर बाबा," भाजीवाली मावशी म्हणाली. "रिकामं कशाला उडवतुयास?"

"ठरलं. पोटात बॅटरी बसंल," म्हणत तो इतका हसला, की पिरंगुटला उतरायचाच राहिला. ठरेपर्यंतच्या घोळातही केवढा आनंद असतो, हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

पुढे माझी परीक्षा आली, भेट राहिली. मग एकदा कंडक्टरच म्हणाला, "उडालं तुजं डाकोटा. भरे गावात भाताच्या खाचरात पडलं, पर बुडालं न्हाई, तरंगलं. आता त्याच लाकडाचं पान्यावर उतरनारं करायचं म्हनतोय. कंचं करावं, तुला इचारलंय."