गोलकीपर बाहेर

हॉकी लीगच्या त्या हंगामात मी गोलकीपर होतो. एका सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो आणि तीनच मिनिटं उरली होती. अशा वेळी गोलकीपरला बाहेर काढून एक जादा खेळाडू आत धाडतात. मी पळत बाहेर आलो. तिकडे गावी, अवसरीत, वडील भावकीला जमवून टीव्हीसमोर बसले होते. पोराला हाकललं असं समजून त्यांनी सगळ्यांदेखत टीव्ही बंद केला.

आईकडून कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी खेळतोय, त्यांना साधा नियम ठाऊक नसावा? तडक फोन लावला. एरवी फोनला हात न लावणारे वडील स्वतःच बोलले.

"चुकलं आसंल काय तरी. तू ये घरी. कांदा लागवडीला मानूस कमीच हाये."

तो नियम मी त्यांना अजून सांगितलेला नाही.