छपरातून निघालेली ढोली

घर बदलायचं नक्की झालं त्या दिवशी मी दोनशे पानांची वही विकत आणली. मी शाळेत शिकवते. वहीत रेघा मारल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. डावीकडे सामान, मधे खोक्याचा नंबर, उजवीकडे नव्या घरात ते कुठल्या खोलीत जाणार ते. फ्रिजची रुंदी, कपाटाची उंची, दिवाणाचे पाय निघतात की नाही, सगळं टेप लावून मोजलेलं. नवरा म्हणाला, "तू असशील तर मी दुकान बंद ठेवायचीसुद्धा गरज नाही." आणि खरंच त्याने दुकान बंद ठेवलं नाही.

जुनं घर सौंदडपासून तीन-चार किलोमीटरवरच्या गावात होतं. मातीच्या जाड भिंती, कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मागे बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, आणि तिच्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. नवं घर सौंदडला नवऱ्याच्या दुकानामागे बांधलं. स्लॅबचं, टाइल्सचं, पुट्टी मारलेलं. त्यात अंगणाच्या बाजूला मोठ्या खिडकीची एक खोली मी स्वतःसाठी मागून घेतली होती. मी गोंदियातली, सहा माणसांच्या दोन खोल्यांत वाढले. लग्नानंतर मुलांच्या वह्या कायम स्वयंपाकघरात पाटावर तपासल्या. खिडकीखाली टेबल आणि भिंतीला पुस्तकांची फळी, एवढंच हवं होतं मला. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश ठरला.

माझ्या वहीत ढोली नव्हती.

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कोठी, आतून-बाहेरून माती आणि शेणाने लिंपलेली. आमची ढोली मागच्या खोलीत उभी असे. माझ्यापेक्षा दीड हात उंच, आणि पोटाचा घेर इतका, की दोघांनी हात धरून मिठी मारली तरी पुरत नसे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाई भावांपासून वेगळे निघाले, त्या वर्षी त्यांनी बुरडाला त्या खोलीत बसवून ती विणून घेतली. पुढे सासूबाईंनी दर वर्षी धान घरात यायच्या आधी तिला लिंपलं. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मामाजी लिंपतात, कोणाला हात लावू देत नाहीत. मी मात्र सून म्हणून आले तेव्हापासून तिला भिंतीतच धरत होते. भिंत कोणी खोक्यात भरतं का?

जायला दहा दिवस राहिले तेव्हा मामाजींनी विचारलं, "बाई, ढोली कवा नेऊन राहिले?"

मी म्हटलं, "मामाजी, ती दारातून निघणार नाही. आपण पत्र्याची नवी कोठी घेऊ."

"ढोली येइन तं मी येइन. नाई तं तुमी जा. मी इतंच राहातो."

"तोडून नेता येणार नाही का?"

"तोडल्यावर ते ढोली राहाते का, बाई?"

एवढं बोलून ते बोडीकडे निघून गेले. मला आधी हसू आलं, मग राग आला. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, रात्री उठताना भिंत धरतो, तो एकटा इथे राहणार? रांधणार कोण? नवऱ्याने दोन दिवस समजावलं, मी चार दिवस. मी रुसले, बोलणं टाकलं, त्यांच्या ताटात मुद्दाम त्यांना न आवडणारी भाजी वाढली. ते मुकाट्याने जेवले आणि आपलं पांघरूण ढोलीजवळच्या खाटेवर नेऊन ठेवलं. माणूस खरोखर येणार नाही, हे मला त्या पांघरुणाने कळलं. खोकी बेचाळीस बांधून झाली होती आणि घरातला एक माणूस मागे राहत होता.

मी गावातल्या वाढईंकडे गेले. वाढई म्हणजे सुतार. हे म्हातारबा अर्ध्या गावाची छपरं चढवलेले. त्यांनी येऊन ढोलीभोवती एक चक्कर मारली, एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "छपरातून काढू. कवेलू उतरवाले कितीक वेळ लागते?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मामाजी मात्र खाटेवरून उठले आणि आपणच वर पाहू लागले. छप्पर एकदा उघडलं की ते परत चढवायचं नाही, हे त्यांनाही कळत होतं. मग म्हणाले, "उघडा."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी मी वही घेऊन अंगणात उभी होते. दहा-बारा माणसं लागतील असा माझा हिशोब होता. माणसं येतच राहिली. ज्यांना उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं ते पाणी देऊन आले. ज्यांच्याशी आमचं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, दोन वर्षं बोलणं नव्हतं, तेसुद्धा आले आणि काही न बोलता भिंतीवर चढले. कोणी कोणाला काम वाटून दिलं नाही. पुरुष छपरावर, बाया खाली रांगेत. कवेलू वरून हातोहात खाली यायचा आणि बोडीच्या काठाला रचला जायचा. मी वहीत कोणाचं नाव कशापुढे लिहावं ते शोधत होते, तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "म्याडम, वही ठेवा न् पदर खोचा."

मी वही ठेवली. दुपारपर्यंत माझ्या हातून किती कवेलू गेले कोण जाणे. इतक्या वर्षांत मी या गावाला 'खेडं' म्हणत आले. इथे वेळेवर काही होत नाही, अशी तक्रार माहेरी करत आले. आणि इथे कसलाही कागद नसताना प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. मी पाहत होते आणि मला माझ्याच वहीची लाज वाटत होती.

छपराचे फाटे निघाले, त्यांना पेलणारी आडवी मयाल निघाली आणि त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा ऊन पडलं. ढोलीचा रंग मी तेव्हा पाहिला. काळपट समजत होते, ती तर हळदीच्या गाभ्यासारखी पिवळसर तांबडी निघाली. अंगभर बोटांचे पट्टे होते, वर्षांवर वर्षं, एकावर एक. मामाजींनी तळाशी पायलीभर धान ठेवला. ढोली रिकामी उचलत नाहीत.

मग तिच्याखाली दोन जाड बांबू सरकवले आणि पोटाला नाडे, बैलगाडीचे जाड दोर, गुंडाळले. वाढईंनी "हं" एवढंच म्हटलं. भरल्या दिवसांची बाई जशी उठते, कमरेला हात देऊन, कोणाला घाई करू न देता, तशी ती उठली. भिंतीवरचे ओढत होते, खालचे खांदा देत होते. ती भिंतींच्या वर आली आणि क्षणभर आमच्या घरावर ढोली आणि ढोलीवर नुसतं आभाळ होतं. मी देवळांत गेले आहे, मोठी धरणं पाहिली आहेत, पण हात जोडावेत असं मला तिथे आतून वाटलं नव्हतं. इथे वाटलं आणि मी जोडले.

मेटाडोरवाला गोंदियाचा होता. त्याने अंगणात उतरलेली ढोली पाहिली आणि हात झटकले. "भाभीजी, गड्ढे में एक झटका लगा तो मिट्टी झड़ जाएगी. मैं नहीं लेता." मग खोकी त्याच्या गाडीतून गेली आणि ढोली खांद्यांवरून. दोन्ही बांबूंना मिळून सोळा खांदे, तेवढेच बदलायला मागे. पुढे मामाजी, अनवाणी. बांध्यांच्या कडेने, हिरव्या धानातून ती पाण्यावरून गेल्यासारखी सरकत होती.

रेल्वेच्या फाटकाशी आम्ही पोचलो आणि फाटक पडलं. मालगाडी होती. खाली टेकवावी तर खडीवर बूड फुटेल. वाढई म्हणाले, "धरा." मालगाडी हळू होती आणि लांब. माणसं डोळे मिटून उभी राहिली. आम्ही बाया लोटे घेऊन एकेकाच्या तोंडाला पाणी लावत फिरलो. धुऱ्याच्या भांडणातल्या त्या शेजाऱ्याच्या तोंडाला मी स्वतः लोटा लावला. शेवटचा डबा गेला तरी एकही खांदा हलला नव्हता. फाटकवाला बाहेर येऊन नुसता बघत होता. त्याने फाटक उघडलं आणि आम्ही पार होईपर्यंत टोपी काढून उभा राहिला.

आणि नव्या घरासमोर येऊन सगळे थांबले.

मागून कोणीतरी विचारलं, "काऊन थांबले जी?"

मुख्य दार साडेतीन फुटांचं. मागचं त्याहून लहान. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, आणि वर स्लॅब होता. कवेलूचं घर वरून उघडतं, स्लॅबचं घर उघडत नाही. मी फ्रिज मोजला होता, कपाट मोजलं होतं, दिवाणाचे पाय मोजले होते. ढोली जुन्या घरातून निघेल कशी, यावर दहा दिवस घरात तोंडं फिरली, पण नव्या घरात शिरेल कशी, हे मला, नवऱ्याला, वाढईंना, एकालाही सुचलं नव्हतं. जन्मभर ढोली घरात असलेली माणसं आम्ही. तिला दार लागतं, हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

मामाजी मागे वळले. आवाजात राग नव्हता. "वापस नेऊ. छप्पर चढवू परत. तुमी राहा इतं, बाई."

आणि ती माणसं, उन्हात तापलेली, खांदे सोललेली, खरोखर पाय बदलून मागे वळू लागली. एकानेही कपाळाला आठी घातली नाही. ते पाहून मला जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं मोठं मन माझ्या मोजमापात कुठेच बसत नव्हतं.

मिस्त्री कुंपणाची भिंत बांधत होता. मी त्याला हाक मारली. "माझ्या खोलीची खिडकी काढा. खालची भिंत जमिनीपर्यंत पाडा. पिलर ते पिलर."

नवरा म्हणाला, "अगं, कालच रंग झालाय."

मिस्त्री म्हणाला, "मैडम, सोच लो. पुट्टी अभी सूखी है."

मी त्याच्या बाजूचा घन उचलला. तो इतका जड होता की पहिला घाव नुसता घसरला आणि माझ्या हातांना झिणझिण्या आल्या. दुसऱ्या घावाला टवका उडाला. मग मिस्त्रीने घन माझ्या हातून घेतला. मामाजी माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि ते खोलीसाठी की त्यांच्यासाठी, हे माझं मलाच कळत नव्हतं.

तासाभरात भिंतीला खिंडार पडलं आणि ढोली आत गेली. जिथे माझं टेबल येणार होतं, तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश झाला तो दारातून नव्हे. अर्धं गाव त्या खिंडारातूनच आत-बाहेर करत जेवून गेलं. मामाजींनी पांघरूण आणलं, पण घडी उलगडली नाही. उशाला तसंच ठेवलं, पाहुण्यासारखं. मी रोज सकाळी ती घडी पाहायची आणि चहा ठेवायची.

आठ दिवसांनी मिस्त्री भिंत चढवायला आला. मामाजी घमेल्यातल्या पाण्यात विटा भिजवून एकेक त्याच्या हातात देत होते. मी आत टेबल लावत होते, ढोलीच्या पोटाशी, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, इस बार बड़ा दरवाज़ा छोड़ दूँ? कल को निकालनी पड़ी तो?"

मामाजींनी पुढची वीट त्याच्या हातात दिली.

"कायले? आता कुटं जावाचं हाय?"