फौंड्रीची वाळू आणि खालची विहीर

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात आमच्या कॉलनीमागच्या विहिरीचं पाणी काळपट झालं आणि त्याला तेलकट वास येऊ लागला.

विहिरीच्या वरच्या अंगाला कॉलनीची मोकळी जागा आहे. तिथं गाजरगवत, कचरा आणि बांधकामाचा राडारोडा साचला होता. बाग करायची म्हणून उन्हाळ्यात आम्ही शेजाऱ्यांनी ती साफ करायला घेतली. दर रविवारी सकाळी खोरी-पाट्या घेऊन जमायचो. कचरा निघाल्यावर मधे मोठा खड्डा उरला. फौंड्रीत मोल्डर असलेल्या, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे करणाऱ्या शेजाऱ्यानं तिथली वापरलेली वाळू भरायला आणतो म्हणून सांगितलं. आमच्या भागात घरांचे पायेसुद्धा तिनंच भरतात. मीही होकार दिला.

हरकत एकट्या तात्यांनी घेतली. ते खालच्या अंगाला राहत. विहीर त्यांचीच, आणि त्यांच्या दोन म्हशी तिचंच पाणी पीत. एक गाभण होती.

"ही जळकी वाळू हाय. पाऊस लागला की हिच्यातलं पाणी कुठं जाणार?"

"जमिनीत, तात्या. आनी कुठं जातंय?" मोल्डर म्हणाला.

"मग माझी हीर काय आभाळात हाय व्हय?"

लोक हसले. "बाग झाली की तुमच्या म्हशीस्नी बाकडं टाकतो की," मागून कोणीतरी म्हणालं. तात्या घराकडं गेले.

पुढच्या रविवारी वाळूचे डंपर आले. वर मातीचा थर देऊन आम्ही जास्वंद आणि कडुनिंब लावले. पावसाळ्यात रोपं पिवळी पडली. पाणी जास्त झालं असं ठरवून आम्ही ती उपटली आणि नवी लावली.

पाण्याचा रंग दिसला त्या दिवशी तात्यांनी म्हशींना विहिरीवर नेणं बंद केलं. वास आधीपासून होता का, हे त्यांना सांगता आलं नाही. मोल्डर आणि मी बाटलीत पाणी भरून तपासणीला दिलं. कॉलनीच्या ग्रुपवर त्या वेळी बागेच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, हे चाललं होतं.

गौरी विसर्जनाच्या सकाळी म्हैस व्यायली. रेडकू मेलेलं होतं. दुपारी मोल्डर अहवाल घेऊन आला, तेव्हा तात्या घरामागच्या परड्यात खड्डा काढत होते. पाणी जनावरांना पाजण्यास योग्य नाही, असं अहवालात लिहिलं होतं. दुसऱ्या म्हशीनं त्या दिवशी चाऱ्याला तोंड लावलं नाही.