रांजण कोण भरतं

आजही कुणी म्हटलं, "साहेब, नोकरीतली एखादी केस सांगा," की खून-दरोडे मागे पडतात आणि मला ती मुकुटाची घटनाच आठवते. तिच्यात माझी मर्दुमकी फारशी नाही. पण अभिमान विचाराल तर तो तिचाच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवी मुंबई तेव्हा निम्मी नकाशावरच होती. शिरवण्याच्या बाजूला कारखाने उभे राहिले होते आणि कामाच्या शोधात लांबून आलेली माणसं आसपासच्या गावांतून हिंडत. माझ्या हद्दीतल्या अशाच एका आगरी गावातून एका सकाळी पंच मंडळी फिर्याद घेऊन आली. गावदेवीचा चांदीचा मुकुट चोरीला गेला होता.

पंचनाम्यात देवळाचं कुलूप शाबूत मिळालं, कोयंडाही जागेवर. शिपायांनी घरोघर एकच प्रश्न विचारला, "कोणी परका दिसला का?" दुपारपर्यंत खबऱ्याने बातमी आणली. कारखान्यातला मराठवाड्याकडचा एक कामगार पहाटे देवळामागच्या गल्लीत शिरताना नेहमी दिसतो, आजही दिसला. झालं, गावाला चोर सापडला.

त्याला ठाण्यात आणलं. नुकताच नोकरीला लागलेला तरुण माणूस, झोपडीत बायको आणि तान्हं मूल. चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं असतं तर कारखान्याचं फाटक त्याला कायमचं बंद झालं असतं. ते त्यालाही कळत होतं.

आमच्या हवालदाराने बाह्या सरसावल्या. "साहेब, थोडा प्रसाद देऊ का?"

"प्रसाद देवळात मिळतो," मी म्हटलं. "तू दोन चहा सांग."

माझ्या ठाण्यात संशयितावर हात उचलायची पद्धत नव्हती, हे मी छाती पुढे काढून सांगतो. चौकशी सुरू केली. नाव, गाव, पाळी, मुकादम, सगळ्याची त्याने सरळ उत्तरं दिली, आणि ती खरी निघाली. फक्त पहाटे गल्लीत कशाला जातोस, म्हटलं की मान खाली.

"मी चोरी केली न्हाई, सायेब. पर तेवढं इचारू नका."

"नाही सांगितलंस तर आत जाशील."

"जाईन."

चोर सगळ्याच प्रश्नांना थोडं थोडं खोटं बोलतो. हा एकाच प्रश्नाला गप्प होता, आणि त्यासाठी कोठडीत जायला तयार होता. असा माणूस स्वतःला नाही, दुसऱ्याला वाचवत असतो. मी टोपी घातली आणि त्या गल्लीत गेलो.

गल्लीच्या टोकाला एकच घर. एकटी राहणारी आगरी म्हातारी, गुडघे धरलेले. दाराशी रांजण काठोकाठ भरलेला.

"आजी, पहाटे इथे कोण येतं?"

"माझा रांजन भरनारा. का रं?"

"मग शिपायाला का नाही सांगितलंस?"

"त्यानं परका कोन आला त्या इचारलं. ह्यो परका हाय काय?"

तो ठाण्यात बसलाय म्हटल्यावर तिने काठी उचलली. "चल, ने मला."

ठाण्यात पंच बसलेच होते. म्हातारीला पाहताच तो तरुण उठून उभा राहिला. "आजी, तू कशाला आलीस?" म्हणाला आणि रडू लागला. मग सगळं बाहेर आलं. काम शोधत आला तेव्हा भर उन्हात तो तिच्या दाराशी पाणी मागायला थांबला होता. अंगणाबाहेर वाकून त्याने ओंजळ पुढे केली होती, वरून पाणी ओतावं म्हणून. "मी बौद्ध हाय," असंही आधीच सांगून टाकलं होतं. म्हातारीने तांब्याच त्याच्या हातात दिला होता. "तहान लागलेय ना? मंग तोंड लाव नि पी."

एवढंच. पण त्याच्या जन्मात परक्या दारी असा तांब्या कुणी हातात दिला नव्हता. नोकरी लागल्यापासून तो पाळीआधी गावच्या नळावरून तिचा रांजण भरत होता, तेही अंधारात. गावाला कळलं तर म्हातारीला वाळीत टाकतील, या भीतीने तो चोर ठरायला तयार झाला होता.

एक पंच पुटपुटला, "आजी, तू त्याच्या हातचं पानी पितेस?"

"पितंय," म्हातारी म्हणाली. "तुझे घरचा कोन आला होता माझा रांजन भराला?"

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. त्या पहाटे ती दारात बसली होती, आणि तिथून देवळाचं दार तिरपं दिसे. देवळाची किल्ली ज्यांच्या घरी असे, त्यांच्या जावयाला तिने कंदिलाच्या उजेडात कुलूप उघडताना पाहिलं होतं. जावई देवळात जातो, त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. शाबूत कुलपाचा उलगडा झाला. त्या जावयाच्या घरच्या भाताच्या कणगीत हात घातला तर मुकुट मिळाला. मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त केला.

त्या संध्याकाळी मी गावातच होतो. तो तरुण म्हातारीचा हंडा घेऊन पहिल्यांदा उजेडात नळावर आला आणि रांगेपासून लांब उभा राहिला. बायका वळून बघू लागल्या. मीही वर्दीत, बाजूला उभा. मग पुढच्या बाईने आपली कळशी बाजूला ओढली आणि म्हणाली, "लाव तुझा हंडा, आजी वाट बघत असंल."

पुढे नोकरीत मला बक्षिसं मिळाली, पण मान ताठ करायला मला ती रांग पुरते. नव्या फौजदारांना मी एक गोष्ट आवर्जून शिकवली. गावात तपासाला गेलात तर परका कोण ते नंतर विचारा. आधी विचारा, इथे परक्याला पाणी कोण देतं? त्या घरी तुम्हाला कुणी खोटं सांगणार नाही.