आफीचा तुंबा

माझ्या पुतण्याचा, अनिरुद्धचा फोन आला तेव्हा मी संध्येला बसलो होतो. आचमनाचे पाणी तळहातावर होते. “काका, आफी गेली,” एवढेच तो म्हणाला. ते पाणी प्राशन करवेना, टाकवेनाही...

आफी त्याची पत्नी. मूळची आफ्रिकेतल्या टोगोची, वाढली इथे जर्मनीत, कोलोनमध्ये. स्वतःच्या देहालाच रंगमंच करून ती प्रयोग करी. तिच्या पणजोबांच्या घरची देवमूर्ती जर्मन मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी नेली. आज ती येथील एका संग्रहालयात काचेआड उभी आहे. खाली पाटी : ‘लाकूड. स्वेच्छेने अर्पण.’ स्वेच्छेने! ज्याच्या मुलांना शाळेत घ्यायचे की नाही हे मिशन ठरवी, त्याची कसली स्वेच्छा?

त्या संग्रहालयात तिचा प्रयोग पाहायला प्रथम गेलो, तेव्हा मूर्तीसमोर सवयीने पादत्राणे काढली. रखवालदार धावतच आला. “कृपा करा, इथे अनवाणी चालत नाही!”

आफी खळखळून हसली. “अहो काका, या इमारतीत बूट काढणारे तुम्हीच पहिले!”

तिच्या कुळात देवाला नित्य पाणी वाहत. संग्रहालयाने मनाई केली. लाकडाला ओलावा बाधतो म्हणे. म्हणून सुकल्या भोपळ्याचा रिकामा तुंबा घेऊन ती तासन् तास ओतत राहिली... थेंबही न पडता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. “तहानलेल्याला पाणी बाधतं, काका,” ती बाहेर येऊन म्हणाली, “आणि यांना हे सुंदर वाटतं!”

अखेरच्या आजारात तिने तो तुंबा माझ्या देवघरात आणून ठेवला. “तुमच्याकडे पाण्याची सोय आहे,” म्हणाली.

क्रोध हा रिपू, असे मी जन्मभर शिकवले. तिला जाऊन महिना झाला नाही तोच संग्रहालयाचे पत्र आले : तुंबा त्यांना हवा आहे, त्याच मूर्तीशेजारी, काचेत. अनिरुद्धने निर्णय माझ्यावर सोपवला. मी संग्रहालयात फोन केला.

“अहो, हा तर आफींचा सन्मानच आहे!” तिथल्या बाई म्हणाल्या.

“त्यात पाणी घालाल?”

“नाही हो, ओलावा...”

देवाला कोंडले, त्याच्या लेकीला तहानेचा खेळ करायला लावले, आता तिची तहानही मांडून ठेवायची! मी फोन ठेवला. क्रोध आला होता, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

तर्पणात मी आता तिचेही नाव घेतो. रोज सकाळी तुंबा काठोकाठ भरतो, तिच्या देवाचे स्मरण करून खिडकीबाहेरच्या मातीत ओततो, पुन्हा भरतो. संग्रहालयाला लेखी उत्तरही धाडले आहे, त्यांच्याच पाटीच्या भाषेत : ‘भोपळा. ओला आहे. देता येत नाही.’